बिनकड्यांचा शनी

लोक शनीला घाबरतात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका शनिवारी तेलाची वाटी घेऊन मारुतीच्या देवळात जातात. साडेसाती कुणाला लागली नि कुणाची सुटली, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमचे हे त्याच शनीचे परसात बसून फोटो काढतात. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी आईच्या कानाला लागली होती, "पोरगा चांगला आहे, पण शनीच्या नादी लागलाय म्हणे." आई म्हणाली, "दारूच्या नादी नाही ना? मग लागू दे."

ह्यांचं नाव नागनाथ लिगाडे. सांगोल्यात स्टँडजवळ ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट, दहावीच्या पोरांचे फोटो, सगळं तिथं. पण नाव झालं ते टचिंगसाठी. नवरीच्या गालावरचा मुरूम ह्यांच्या हातून कधी जिवंत सुटला नाही. डोळ्याखालचं काळं जायचं, सासऱ्याचं पोट आत जायचं, आणि घरची माणसं फोटो बघून म्हणायची, "अगदी हुबेहूब आलाय."

ग्रहांच्या फोटोला मात्र टचिंग नाही. त्या बाबतीत हा माणूस सोवळ्यातला. "माणसाला फोटोत बरं दिसायचं असतं," हे म्हणायचे. "शनीला काय पडलंय? तो आहे तसा येऊ दे."

ग्रहाचा फोटो म्हणजे बटण दाबलं नि झालं, असं नसतं. दुर्बीण कितीही चांगली असो, मध्ये हवा असते. तापलेल्या तव्यावरून पलीकडचं बघितलं की कसं सगळं थरथरतं, तसा दुर्बिणीत शनी थरथरतो. म्हणून कॅमेऱ्यानं चार-पाच मिनिटं व्हिडिओ घ्यायचा. त्यात हजारो चित्रं असतात आणि बहुतेक धुरकट. पण मधूनच एखाद्या क्षणी हवा गप्प बसते आणि तेवढं एक चित्र स्वच्छ येतं. कॉम्प्युटर अशी स्वच्छ चित्रं निवडतो, एकावर एक थर लावतो, आणि त्या थरांतून शनी वर येतो. बाहेरचं त्यात काही घातलेलं नसतं. "तू तांदूळ निवडतेस ना, तसंच," असं ह्यांनी मला समजावलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही कधी निवडलेत?" तर विषय बदलला.

चार वर्षांपूर्वी ह्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग सुकत गेला. कडेचं दिसायचं, त्यामुळे घरात वावरता यायचं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच करड्या डागात गडप. आधी वर्तमानपत्र गेलं, मग कॉम्प्युटरवरचा शनी गेला, मग माणसांचे चेहरे गेले. स्टुडिओ विकला. शनी मात्र सोडवेना. मग मी कॉम्प्युटर शिकले. हे दुर्बीण फिरवायचे, मी पडद्यावर बघून सांगायची, "डावीकडे घ्या, अजून, बास." लोक म्हणायचे, काय हौस आहे ह्या वयात. हौस कसली, घरात तोंड पाडून बसलेला माणूस बघवत नव्हता मला.

त्यातच तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी आरशासमोर टिकली लावायला गेले तर माझा डावा गाल खाली ओघळलेला. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक ह्यातून पूर्ण बरे होतात. मी उरलेल्यांत निघाले. ओठाचा डावा कोपरा खालीच राहिला. हसले की अर्धंच हसू यायचं, आणि ते अर्धं हसू रडल्यासारखं दिसायचं. हे रोज विचारायचे, "बरं वाटतंय का गं?" महिनाभरानं मी सांगून टाकलं, "झालं बरं, अगदी पहिल्यासारखं." बोलण्यात थोडा फरक पडला होता, तो काढलेल्या दाढेवर ढकलला. ज्याला चेहराच दिसत नाही त्याच्या जिवाला कशाला घोर?

लोकांसमोर मात्र मी पदर गालावर ओढून घ्यायची. फोटोवाल्याची बायको ना मी. चेहऱ्याचं मोल मला चांगलं ठाऊक होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मिरजेला ह्यांच्या डोळ्यांत चिप बसवली. पडद्याच्या सुकलेल्या भागाखाली तिळाएवढी चिप, आणि वरून एक चष्मा. चष्म्यात बारीक कॅमेरा. कॅमेरा जे बघतो ते चष्मा न दिसणाऱ्या प्रकाशानं चिपवर टाकतो, चिप त्याची वीज करून डोळ्याच्या नसेला देते, आणि माणसाला दिसतं. अडचण एकच, चिपवरचे ठिपके मोजके. तेवढ्यात अख्खा चेहरा कसा मावणार?

तिथल्या इंजिनिअर पोरीनं, ईश्वरी तिचं नाव, मला ते रांगोळीवरून समजावलं. "काकू, थोड्या ठिपक्यांत तुम्ही कमळ काढता, कारण ते कसे जोडायचे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. यंत्रालाही आम्ही तसं शिकवून ठेवतो. काकांसमोर ओळखीचा चेहरा आला की यंत्र तो ओळखतं, आणि आधी नीट बसवून ठेवलेलं त्या चेहऱ्याचं चित्र पाठवतं. मान कुठं वळली, ओठ हलले की नाही, एवढं काय ते त्या क्षणाचं." ह्या सोयीला ते लोक 'भर' म्हणायचे. त्यासाठी त्यांनी घरच्या माणसांचे आणि नेहमीच्या वापरातल्या वस्तूंचे स्वच्छ फोटो मागितले होते.

आता स्वच्छ फोटो मागितल्यावर फोटोग्राफर काय देणार? ह्यांनी माझा आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो दिला, वर्षानुवर्षं स्टुडिओच्या शोकेसमध्ये होता तो. सोळा वर्षांपूर्वीचा आणि वर टचिंग केलेला. वस्तूंमध्ये कुलूप, किल्ली, गॅसची शेगडी दिली, आणि सोबत शनीचे आपले सगळ्यात गाजलेले फोटो. सात वर्षांपूर्वीचे, कडी पुरती उघडलेली. ईश्वरी हसली. "काका, शनी नेहमीच्या वापरातला?" हे म्हणाले, "माझ्या आहे." दोघांच्याही डोक्यात पुढचं काही आलं नाही. माझ्याही नाही.

पट्ट्या निघाल्या तो दिवस मला आठवतो. मी समोरच्या स्टुलावर बसले होते आणि पदर गालावर घट्ट धरला होता. इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती. ह्यांनी चष्मा चढवला, हात पुढे करून माझा पदर बाजूला केला आणि बघत राहिले. मग म्हणाले, "हेमा, तू तशीच आहेस."

मला वाटलं, ह्यांना सगळं दिसलं, आणि सगळं दिसूनही हा माणूस असं म्हणतोय. मी ईश्वरीसमोर हमसून रडले. तेव्हापासून पदर गालावर घेणं सोडलं. लग्नकार्याला जायला लागले. बायका मान वाकडी करून बघायच्या, म्हटलं बघा, तुमच्या बापाचं काय जातंय. घरी एक माणूस होता ज्याच्या लेखी मी तशीच होते. ते पाच महिने मी फार सुखात होते, हे सांगायला मला लाज नाही.

ह्यांचं सुख वेगळंच चाललं होतं. ह्यांना शनीची कडी नाहीशी झालेली बघायची होती.

शनीची कडी फार रुंद आणि अतोनात पातळ. भाकरी समोर धरली तर ताटभर दिसते, कडेनं धरली तर नुसती रेघ. दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला शनीची कडी अशी बरोबर कडेनं दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. थोडे दिवस शनी नुसता गोळा. ह्यांच्या हातात दुर्बीण आल्यापासून हे दोनदा घडलं आणि दोन्ही वेळा शनी नेमका सूर्याच्या बाजूला, उजेडात बुडालेला. ह्या खेपेला मात्र चैत्रात, पाडव्यानंतर आठवड्याभरानं, आणि शनी संध्याकाळीच पूर्वेला चांगला वर. पावसाळ्यात पुन्हा एकदा होणार होतं, पण ढगांत कोण बघणार? आणि त्याच्या पुढची खेप पंधरा वर्षांनी. "तेव्हा मी असलो तर एक्याऐंशीचा," हे म्हणायचे. "आणि नसलो तर प्रश्नच मिटला." असलं बोलू नका म्हटलं की हसायचे.

त्या संध्याकाळी जेवणं लवकर उरकून आम्ही परसात गेलो. आठ वाजले असतील. ह्यांनी दुर्बीण लावली. चष्मा आल्यावर शनी लावायची ही पहिलीच खेप, थंडीत तो फार उशिरा उगवायचा. आता कॉम्प्युटरचा पडदाही हेच बघणार होते, मी नुसती सोबतीला. शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते.

"आला की," हे म्हणाले. मान पडद्याजवळ नेली. मग, "हेमा, कडी दिसतायत."

"मग चांगलंय की."

"चांगलं कसलं? आज दिसायला नकोत." आवाज उतरला होता. "पुरती उघडलेली दिसतायत. गणित चुकलं म्हणावं तर जगाचं कसं चुकेल? जरा इकडे ये. तुला काय दिसतंय ते सांग, आणि खरं सांग."

मी शेंगा खाली ठेवून पडद्यावर बघितलं. काळ्यावर एक पिवळसर गोळा थरथरत होता. आजूबाजूला काही नाही.

"गोळा आहे," मी म्हटलं. "नुसती गोटी. कडी नाहीत."

ह्यांनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. पडद्यावर हात ठेवून झाकला, हात काढला. मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "घरात लिंबू आहे का?"

"आत्ता सरबत?"

"आण तू."

मी लिंबू आणलं. ह्यांनी दुर्बिणीवर टाकायचं काळं कापड दोरीवर वाळत घातल्यासारखं टाकलं, मला त्याच्यापुढे उभं केलं आणि परसातला दिवा मंद केला. "धर समोर. बोटं मागे घे." मी चिमटीत लिंबू धरून उभी. हे लांब जाऊन बघायला लागले आणि एकदम मोठ्यानं हसले. खूप दिवसांनी असे हसत होते, पोट धरून.

"लिंबाला कडी आली. हेमा, तुझ्या हातातल्या लिंबाला झकास कडी आली, कड्यांमधल्या काळ्या फटीसकट. माझाच फोटो आहे तो, सात वर्षांपूर्वीचा." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे हे यंत्र बघतच नाही. त्याला आठवतं फक्त."

हे अजून हसत होते. मी मात्र तिथंच उभी होते. मला पुढचं कळलं होतं.

लिंबाला कडी, तर मला काय?

त्या रात्री मी पाठ करून झोपले आणि झोप काही आली नाही. ह्यांना शनीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी नऊ वाजताच ईश्वरीला फोन लावला. स्पीकरवर. मी शेजारीच मेथी निवडत होते. उठून जावंसं वाटत होतं, पण अर्धी जुडी बाकी होती.

"भर बंद करता येते काका," ईश्वरी म्हणाली. "चष्म्याची उजवी काडी दाबून धरायची. पण मी सांगणार नाही करा म्हणून. मग तुम्हाला नुसते ठिपके दिसतील."

"शनीपुरती बंद करा. बाकीचं राहू दे."

"कळ एकच आहे. बंद केली तर सगळ्यांचीच बंद. काकूंचा चेहरासुद्धा जाईल. म्हणजे काकू आहेत एवढं कळेल, चेहरा नाही कळणार."

"तिच्या चेहऱ्याचा शनीशी काय संबंध?" असं हे म्हणाले खरे, पण वाक्य संपतासंपता आवाज बारीक झाला. फोन तसाच हातात राहिला. ईश्वरी पलीकडून म्हणाली, हवं तर काकूंचे नवे फोटो घेऊन मिरजेला या, फोटोंचा संच बदलून देते, महिनाभर लागेल. ह्यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

मी मेथीची पानं खुडत राहिले. निवडलेली पानं पुन्हा खुडत होते.

"हेमा, तुझा कुठला फोटो दिला होता आपण?"

"शोकेसमधला."

"त्यात मी तुझ्या डोळ्याखालचं काळं काढलं होतं."

"हनुवटीखालचंही काढलं होतंत."

हे अगदी हळू म्हणाले, "तोंडावरून वारं गेलं होतं तुझ्या. तू म्हणालीस, बरं झालं."

"म्हणाले होते."

"झालं होतं का?"

आता खोटं बोलून काय उपयोग होता? "नाही," मी म्हटलं. "डावी बाजू गेली ती गेली. सगळ्या गावाला दिसते. मिरजेला तुम्ही पदर काढलात आणि म्हणालात तशीच आहेस, तेव्हा मला वाटलं तुम्हालाही दिसली. मी मूर्ख. पाच महिने मिरवत होते."

आणि मग मला राग आला. कुणाचा ते सांगता यायचं नाही. यंत्राचा, शोकेसमधल्या त्या गुळगुळीत बाईचा, ह्यांचा, सगळ्यांचा. मी मेथी तशीच टाकून उठले. म्हटलं, "ती कळ दाबायची नाही. शनी गेला खड्ड्यात. पंधरा वर्षांनी बघा नाहीतर बघू नका. तुमच्या डोळ्यांत मी बरी आहे, तिथं मला राहू द्या. बाहेर मी आहेच की वाकडी."

"मग मी पाच महिने बोलत कुणाशी होतो?" ह्यांनी विचारलं. "तू रडलीस तरी ती बाई तशीच दिसणार, हसलीस तरी तशीच. परवा तुला ताप होता. मी म्हणालो, बरी दिसतेस. तू चिडलीस. मला कळेचना का चिडलीस ते."

"नवे फोटो देऊ की मग. वाकडे द्या."

"तो पण फोटोच, हेमा. महिन्याभरानं तू पुन्हा वेगळी असशील."

दिवसभर आम्ही बोललो नाही. भाकऱ्या मी इतक्या जोरात थापल्या की शेजारची विचारायला आली, काही झालंय का. काही नाही म्हटलं, पीठ जुनं आहे.

संध्याकाळी हे एकटेच परसात गेले. मी दारातून बघत होते. ह्यांनी दुर्बीण लावली, चाचपडत कॉम्प्युटर सुरू केला, खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून बराच वेळ बघत राहिले. मला कळलं ते, त्या चेहऱ्याकडे शेवटचं बघत होते. कितीही म्हटलं तरी चार वर्षांनी परत मिळालेला चेहरा होता, आणि ह्यांनी आपल्या हातांनी सजवलेला. मला वाटलं ओरडून सांगावं, नका करू. मग ह्यांनी उजवी काडी दाबून धरली.

मी धावत गेले. ह्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते.

"काय दिसतंय?"

"ठिपके. पिठासारखं भुरभुरलेलं सगळं." मग पडद्याकडे वळले, मान पुढे केली. "पण एक गोल आहे. गोलच आहे. बाजूला काही नाही." मग आवाज फुटला ह्यांचा. "कडी नाहीत, हेमा. खरंच नाहीत."

ह्या माणसानं आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट म्हणजे पिठातला एक गोळा. त्यावर मी हसणार होते, पण ह्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. हवा छान गप्प होती त्या संध्याकाळी.

फोटो काढून झाल्यावर हे माझ्याकडे वळले. "तू दिसत नाहीस," म्हणाले.

"मग झालं ना मनासारखं?"

"उद्या सकाळी उन्हं यायच्या आत इथं बस. तुझा फोटो काढायचा."

"मला नको फोटो."

"तुला नकोच. मला हवाय."

सकाळी मी अंघोळ करून परसात जाऊन बसले. का बसले? चिडचिड करून करून थकले होते, आणि खरं सांगू, मनातून पुन्हा तीच भीती आणि तीच आशा, मिरजेच्या स्टुलावरची. ह्यांनी दुर्बिणीचा ग्रहांचा कॅमेरा काढून त्याला साधी लेन्स बसवली होती. तिवईवर लावून, हातानं अंतर मापून माझ्यासमोर ठेवला.

"हलू नकोस. बोलू नकोस."

"बोलू का नको? तोंडच तर बघायचंय तुम्हाला."

"बरं, बोल मग."

मग मी बोलत राहिले. काय काय बोलले देव जाणे. शिव्या पण घातल्या थोड्या. कॅमेरा चालू होता. शनीला घेतात तशी माझी हजारो चित्रं घेतली. मग कॉम्प्युटरनं निवडली, मी हलले नव्हते अशा शांत क्षणांची, आणि त्यांचे थर लागले. बाहेरचं काही घातलं नाही.

तो फोटो ह्यांनी प्रोजेक्टरनं खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर टाकला, छतापासून फरशीपर्यंत. युक्ती साधी होती. चिपवर ठिपके मोजके, मग ते अख्ख्या चेहऱ्यावर कशाला वाटायचे? चेहरा एवढा मोठा केला की सगळे ठिपके एका पापणीवर खर्च करता येतात. भिंतीपासून हातभर अंतरावर खुर्ची घेऊन हे बसले आणि वरच्या कोपऱ्यापासून माझा चेहरा बघायला लागले. एक तुकडा झाला की खुर्ची सरकवायची.

मी दाराला टेकून उभी. एवढी मोठी मी, एवढी वाकडी. डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

"केस पुढून पुरते पांढरे झाले की."

"कधीचे."

"ह्या भुवईत दोन लांब केस आहेत."

"ते बघायला एवढा खटाटोप केलात?"

खुर्ची सरकली. "हा डोळा खालून उघडा राहतो का? डावा?"

"मिटत नाही पुरता. झोपताना चिकटपट्टी लावते."

"रोज?"

"रोज. तुम्ही घोरायला लागलात की."

ह्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं पुन्हा खुर्ची सरकवली. गाल. मग ओठ. उजवा कोपरा बघून झाला, मग डावा. तिथं फार वेळ थांबले. भिंतीवर हात ठेवला आणि त्या ओघळलेल्या कडेवरून बोट फिरवत खाली आले. टचिंग करताना नेमकं असंच बोट फिरायचं ह्यांचं, कुठं काय काढायचं ते ठरवताना.

"बोला काहीतरी," मी म्हटलं.

"तशी नाहीयेस तू."

"माहितीये मला."

"मला माहीत नव्हतं." हे वळले. माझ्या दिशेनं बघत होते, पण माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कारण चेहरा कुठं आहे ते आता नीट कळत नव्हतं. "तीन वर्षं हे आपल्या दोघांत तुला एकटीलाच माहीत होतं. एवढं मोठं घरात घेऊन वावरत होतीस आणि मी विचारत होतो, बरं वाटतंय का."

मी जाऊन ह्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. ह्यांनी चाचपडत माझ्या गालाला हात लावला, डाव्याच. भिंतीवर बघून आता वाट पाठ झाली होती.

मग हे म्हणाले, "एक विचारू? ओठ तिकडून मिटत नसेल तर चहा कसा पितेस?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चहा डाव्या कोपऱ्यातून गळतो माझा, हनुवटीवरून थेट पोलक्यावर. म्हणून तीन वर्षं मी ह्यांना चहा बाहेर नेऊन द्यायची आणि माझा स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, उभ्यानं संपवायची. मिरजेहून आल्यावरही एवढं एक मी सोडलं नव्हतं. ह्यांना सांगायची, मला कामं असतात, तुमच्यासारखं बसून चालत नाही.

मी तसंच सांगितलं ह्यांना, जसं आहे तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांचा कप बाहेर ठेवून आत आले आणि माझा कप उचलला, तर हे भिंत धरत धरत स्वयंपाकघरात. चष्मा होता, भर बंदच होती. म्हणाले, "बाहेर चल."

"कामं आहेत मला."

"असू देत."

ओसरीवर ह्यांनी मला समोर बसवलं. स्वतः इतके जवळ बसले की गुडघ्याला गुडघा लागत होता. मी कप तोंडाला लावला. लाजेनं कान गरम झाले होते. पहिल्याच घोटाला चहा सुटला. ठिपक्यांत ह्यांना तो थेंब दिसणं शक्यच नव्हतं. पण थेंब खाली पडायच्या आत ह्यांनी रुमाल माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली धरला होता, नेमका तिथंच, आणि तसाच धरून आपला चहा दुसऱ्या हातानं प्यायला लागले, जसं काही आम्ही लग्न झाल्यापासून असाच चहा पितोय.

मी तो कप सावकाश संपवला. मग म्हटलं, "अजून अर्धा कप घेऊ का?" हे म्हणाले, "घे की, मला कुठं जायचंय."